बोअरचं पाणी तांबडं का होतं, आणि बोअरमध्ये ॲसिड टाकावं का?

आमच्या ग्राहकांसाठी माहिती

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून येणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: मोटर चालू केली की पाणी काचेसारखं स्वच्छ, पण बादली तासभर ठेवली की तांबूस होते आणि तळाला गाळ बसतो. निपाणी-चिकोडीकडे तक्रार वेगळी. गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, डाळ शिजता शिजत नाही. बोअर धुण्याचं आणि पाणी तपासण्याचं आमचं काम असल्यामुळे दोन्हींचं कारण आम्हाला रोज विचारलं जातं. ते जमिनीखालच्या आम्लांत आहे.

आम्ल म्हटलं की दुकानातली बाटली आठवते. पण काळवंडलेल्या पितळेच्या तांब्याला चिंच लावल्यावर तो उजळतो, ते आम्लाचंच काम. चिंचेतलं आम्ल वरच्या काळ्या थरातल्या तांबे धातूला धरून विरघळवतं. शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो, कारण ती फरशी चुनखडकाची आहे. जमिनीत हेच चालतं, फार सावकाश.

पश्चिमेकडच्या, म्हणजे खानापूर-जांबोटीकडच्या रानात पावसाळ्यात पालापाचोळा कुजतो. मुळं, बुरशी आणि जिवाणू मिळून ऑक्झॅलिक, सायट्रिक, ॲसेटिक अशी सेंद्रिय आम्लं सोडतात. पाणी ती घेऊन जांभ्यातून खाली मुरतं. जांभ्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा, आणि असा गंज साध्या पाण्यात जवळपास विरघळत नाही. ऑक्झॅलिक आणि सायट्रिक आम्ल मात्र त्या लोखंडाला खेकड्याच्या नांग्यांसारखं दोन बाजूंनी पकडून सोडवतं. शिवाय खोलवर जिथे हवा पोचत नाही, तिथले काही जिवाणू ॲसेटिक आम्ल खातात आणि श्वासासाठी ऑक्सिजनऐवजी हे गंजलेलं लोखंड वापरतात. त्यात लोखंडाचं रूप बदलून ते पाण्यात विरघळतं. असं पाणी वर आल्यावर हवा लागली की पुन्हा गंज तयार होतो. तोच तुमच्या बादलीतला तांबूस गाळ.

निपाणी-चिकोडीकडे काळा पाषाण आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यातल्या खनिजांत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर, आणि पोकळ्यांत पांढरे कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्या खनिजाचे खडे. इथल्या जड पाण्याला, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळलेल्या पाण्याला, मुख्यतः कार्बोनिक आम्ल, म्हणजे मातीतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळून झालेलं आम्ल, जबाबदार आहे. सेंद्रिय आम्लांचा वाटा कमी. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण सगळा दोष एकाच गोष्टीवर ढकलला की उपाय चुकतो. गोकाकच्या धबधब्याखालचा वालुकाश्म मात्र बहुतेक गारेचा (क्वार्ट्झचा) आहे, आणि गार अशा आम्लांना फारशी दाद देत नाही.

याहून कितीतरी खोल, तेलाच्या खडकांत, हा प्रकार आणखी जोरात चालतो. तिथे ८० ते १२० अंश सेल्सियस उष्णतेत गाडलेल्या जैविक पदार्थापासून ॲसेटिक आम्ल सुटतं. लिटरमागे काही हजार मिलिग्रॅमपर्यंत ते खाऱ्या पाण्यात सापडलं आहे. फेल्डस्पार आणि कॅल्साइट ही खनिजं झिजवून खडकात नवी छिद्रं पाडण्यात या आम्लांचा हात असतो, असं अनेक भूशास्त्रज्ञ मानतात. त्याहून जास्त उष्णतेत आम्लच फुटून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड होतो. आपल्या ५००-६०० फुटांच्या बोअरमध्ये तेवढी उष्णता नसते.

आता ॲसिड टाकण्याचा प्रश्न. बोअरचं पाणी कमी झालं की काहीजण हायड्रोक्लोरिकचा कॅन ओततात. कृपा करून असं करू नका. लोखंडी केसिंग पाइप आणि मोटर दोन्ही खाल्ली जातात, आणि कॅल्साइट असेल तर वायूचा फेस उसळून अंगावर येतो. त्याच बोअरमध्ये ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू सुटतो, तो जीवघेणा आहे.

गंजाच्या थरासाठी आम्ही सायट्रिक आम्ल वापरतो, तेही पाणी तपासल्यावरच. ऑक्झॅलिक गंज चांगला काढतं, पण ते विषारी आहे, आणि जड पाण्यात कॅल्शियमशी जुळून न विरघळणारी पांढरी भुकटी तयार करतं. सुरुवातीच्या काळात एका विहिरीजवळच्या बोअरवर आम्ही ही चूक केली, आणि ती भुकटी काढायला दोन दिवस लागले. सायट्रिकचंही एक बघावं लागतं: आत राहिलं तर जिवाणूंना ते अन्नच, आणि बुळबुळीत तांबडा थर पुन्हा वाढतो. म्हणून धुतल्यानंतर पाण्याचा पीएच (आम्लपणाचं माप) पहिल्यासारखा होईपर्यंत आम्ही उपसा थांबवत नाही, मग रात्र झाली तरी चालेल.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लोह लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

नमुना आणताना मोटर पंधरा मिनिटं चालवा, मग स्वच्छ बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा. आत हवा राहिली तर लोखंड वाटेतच तळाला बसेल. भरल्या दिवशीच आणा.