हुळुमाले

हुळुमाले (हुलहुमाले) : मालदीवमधील मानवनिर्मित बेट व त्यावरील नियोजित शहर. राजधानी मालेच्या ईशान्येस, उत्तर माले कंकणद्वीपाच्या (ॲटॉल; कंकणाकृती प्रवाळ-बेटमालिका) आग्नेय कडेवर, विमानतळाचे हुळुले बेट आणि फारुकोळुफुशी यांच्या दरम्यानच्या खारकच्छात (प्रवाळांनी वेढलेल्या उथळ समुद्रात) भराव घालून ते तयार करण्यात आले. भरावाचे काम १६ ऑक्टोबर १९९७ रोजी सुरू झाले. सुमारे १८८ हेक्टरांचा पहिला टप्पा २००२ मध्ये पूर्ण झाला आणि मे २००४ मध्ये पहिले रहिवासी आले. दुसऱ्या टप्प्यात २०१५ मध्ये आणखी सुमारे २४० हेक्टर जमीन मिळाली. जमिनीची उंची सरासरी समुद्रसपाटीपासून साधारण २ मी. धरली जाते. प्रशासकीय दृष्ट्या हुळुमाले हा माले शहराचाच भाग आहे. समुद्राची पातळी वाढत असताना लहान द्वीपराष्ट्रांनी नगरविस्तार कसा करावा, या चर्चेत त्याचा उल्लेख वारंवार होतो.

बेट मानवनिर्मित असले, तरी त्याचा पाया प्रवाळाचा आहे आणि त्या प्रवाळाखाली बेसाल्ट आहे. लक्षद्वीप-मालदीव-छागोस ही सागरी डोंगररांग रीयुन्यन तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येण्याच्या स्थानावरून) भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना घडली, हे मत आता बहुतेक सर्वमान्य आहे. महाराष्ट्राचे पठार ज्या लाव्ह्याने बनले, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी याच तप्तबिंदूतून आला. १९८७ मधील सागरी वेधनात मालदीवनजीक मिळालेल्या बेसाल्टचे वय सुमारे ५.७ कोटी वर्षे ठरले आणि त्यातून हा क्रम पुष्ट झाला.

या पायावर कंकणद्वीपे कशी उभी राहिली, हा जुना वाद आहे. मालदीवचे पहिले भरवशाचे नकाशे ब्रिटिश नाविक अधिकारी रॉबर्ट मोर्स्बी यांच्या नेतृत्वाखाली १८३४–३६ मध्ये झालेल्या सर्वेक्षणातून तयार झाले. त्या मोहिमेतील यंग व ख्रिस्टोफर या अधिकाऱ्यांनी बेटांवरील लोकजीवनाचा वृत्तांत मुंबईच्या भूगोल संस्थेच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. चार्ल्स डार्विन स्वतः मालदीवला गेले नव्हते. १८४२ मध्ये सविस्तर मांडलेल्या खचण्याच्या सिद्धांतात त्यांनी या नकाशांचा आधार घेतला. ज्वालामुखी बेट हळूहळू खचते, त्याच्या कडेचे प्रवाळ वर वाढत राहते आणि शेवटी फक्त कंकण उरते, असा तो सिद्धांत. सागरवैज्ञानिक जॉन मरी यांनी तो नाकारला. स्टॅन्ली गार्डिनर (१८९९–१९००) व अलेक्झांडर अगासिझ (१९०१–०२) यांनी मालदीवमध्ये प्रत्यक्ष पाहणी केली, पण डार्विनच्या मांडणीला त्यांनीही पूर्ण पाठिंबा दिला नाही. पुढे भूवैज्ञानिक रेजिनल्ड डेली यांनी हिमयुगांतील समुद्राच्या पातळीबदलांवर भर दिला. ड्रॉक्सलर व जोरी यांनी २०२१ मध्ये मालदीवच्याच पुराव्यावरून असे प्रतिपादन केले की, आजच्या कंकणांचा आकार मुख्यतः गेल्या सुमारे पाच लाख वर्षांतील हिमयुगीन चढउतारांचा परिणाम आहे. पातळी उतरल्यावर उघडा पडलेला चुनखडक पावसाने झिजून मधोमध खोलगट झाला आणि पातळी चढल्यावर उंच कडांवर प्रवाळ वाढले. मोठ्या कंकणाच्या कडेवर लहान कंकणांची माळ, ही मालदीवची खास रचना या मताने अधिक नीट उलगडते. पाया खचला, हे मात्र आज कोणताच पक्ष नाकारत नाही.

कंकणांवरील वालुकामय बेटे भूवैज्ञानिक दृष्ट्या अगदी अलीकडची आहेत. पॉल केंच व सहकाऱ्यांनी दक्षिण माळोसमडुलु कंकणद्वीपात केलेल्या वेधनांवरून तेथील बेटे साधारण ५,५०० ते ४,००० वर्षांपूर्वी घडली असावीत. त्यांची वाळू म्हणजे प्रवाळांचा व कवचांचा चुरा. वक्करू बेटाच्या खडकावरील एका अभ्यासात नव्या वाळूचा ८५ टक्क्यांहून अधिक वाटा प्रवाळ कुरतडणाऱ्या पोपटमाशांचा आढळला. केंच यांच्या गटाने पॅसिफिकमधील बेटांची जुनी हवाई छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक बेटे आक्रसलेली नव्हती. तुवालूमध्ये तर चार दशकांत एकूण भूक्षेत्र सुमारे २.९ टक्क्यांनी वाढले होते. लाटा कडेची वाळू बेटावर टाकतात व बेट स्वतःला उंचावते. उलट बाजूने स्टोरलाझी प्रभृतींनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, जमीन टिकली तरी लाटांचे खारे पाणी वारंवार आत येऊन पिण्याचे पाणी नासेल आणि अनेक कंकणद्वीपे या शतकाच्या मध्यापर्यंत राहण्याजोगी उरणार नाहीत. ही दोन मते वाटतात तितकी परस्परविरोधी नाहीत : पहिले जमिनीच्या टिकण्याविषयी आहे, दुसरे माणसाच्या. शहराचा विचार करताना दुसऱ्यालाच अधिक वजन द्यावे लागते. निर्जन बेटाला लाटांनी आणलेली वाळू उंचावते. बांध, रस्ते व इमारतींनी वेढलेल्या हुळुमालेला तो मार्ग बंद आहे. तेथील प्रत्येक सेंटिमीटर माणसानेच वाढवायचा आहे.

२००० नंतरच्या दशकात स्वीडिश भूवैज्ञानिक निल्स-आक्सेल मोर्नर यांनी मालदीवमध्ये समुद्राची पातळी उलट घटल्याचा दावा केला होता. वुडवर्थ (२००५) आणि चर्च व सहकारी (२००६) यांनी भरतीमापकांच्या व इतर नोंदींवरून तो खोडून काढला. आज तो ग्राह्य मानला जात नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार २१०० पर्यंत जागतिक सरासरी वाढ सर्वांत कमी उत्सर्जनात ०.२८–०.५५ मी., तर सर्वांत अधिक उत्सर्जनात ०.६३–१.०१ मी. संभवते. भरतीचे पाणी सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मीटर चढते, हे धरले तर २ मी. उंचीपैकी वादळी लाटांसाठी वरच्या अंदाजात जेमतेम अर्धा मीटर उरतो.

हुळुमालेची गरज मालेच्या इतिहासातून निर्माण झाली. मूळचे माले बेट सुमारे १ चौ. किमी.; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भोवतालच्या उथळ प्रवाळी सपाटीवर भराव घालून ते जवळजवळ दुप्पट करण्यात आले. लाटांचा जोर जिरवणारी सपाटीच अशा रीतीने नाहीशी झाली. एप्रिल १९८७ मध्ये दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांच्या लांब लाटा मालेत शिरल्या व नव्या भरावाची मोठी हानी झाली. मालेत त्या वेळी वादळ नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष मौमून अब्दुल गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हा प्रश्न मांडला. १९८९ मध्ये मालेत लहान राष्ट्रांची समुद्रपातळीविषयक परिषद भरली. जपानच्या मदतीने टेट्रापॉडचे (चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांचे) लाटारोधक व शहराभोवती भिंत उभारण्यात आली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत शहराचा बराच भाग पाण्याखाली गेला, तरी या बांधकामामुळे हानी मर्यादित राहिली, असे सामान्यतः मानतात. त्सुनामीनंतर ‘सुरक्षित बेट’ धोरण आले. विखुरलेल्या वस्त्या थोड्या, उंचावलेल्या बेटांवर आणायच्या, ही त्याची दिशा. ती गयूम यांच्या त्सुनामीपूर्वीच्या धोरणातही होती, त्यामुळे हुळुमालेला केवळ हवामानबदलाचे अपत्य म्हणणे अचूक नाही. जागेची टंचाई हे पहिले कारण होते.

भरावासाठी खारकच्छाच्या तळातील वाळू व प्रवाळचुरा ड्रेजरने उपसून नळांतून आणतात. आधी कडेचा बांध घालतात, आत मिश्रण सोडतात. पाणी निथळले की जमीन उरते. कडेला दगडांचे अस्तर लागते, आणि दगड मालदीवमध्ये नाही. खडी व नदीची वाळू मोठ्या प्रमाणात भारतातून जाते. २०२४–२५ साठी भारताने दोन्हींचा कोटा प्रत्येकी १० लाख टनांपर्यंत वाढवला. उपशाने उठलेला गाळ जिवंत प्रवाळावर बसतो. १९९८ व २०१६ मधील विरंजनाने (तापलेल्या पाण्यात प्रवाळ पांढरे पडण्याने) तेथील प्रवाळ आधीच खिळखिळे केले आहेत. वाळू निर्माण करणारा आणि लाटा फोडणारा जीव मारून जमीन मिळवणे, हा या पद्धतीचा सर्वांत गंभीर दोष होय. नियोजनाच्या कागदपत्रांत त्याला फार थोडी जागा मिळते, हे खेदाने नोंदवावे लागते.

शहराचे काम गृहनिर्माण विकास महामंडळ पाहते. वारा खेळता राहावा अशी रस्त्यांची आखणी केली असून शाळा, मशिदी व उद्याने चालत जाण्याच्या अंतरावर ठेवल्याचे महामंडळ सांगते. दुसऱ्या टप्प्यात चिनी कंपनीने बांधलेले २५ मजली १६ मनोरे, एकूण सुमारे ७,००० सदनिका, उभे आहेत. ३० ऑगस्ट २०१८ रोजी खुल्या झालेल्या सिनामाले पुलाने माले, विमानतळ व हुळुमाले जोडले गेले. पूर्ण झाल्यावर २ लाख ४० हजार लोकवस्तीचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. २०२२ च्या जनगणनेनुसार देशाची निवासी लोकसंख्या सुमारे ५ लाख १५ हजार असून दोन लाखांहून अधिक लोक हुळुमालेसह माले शहरात राहतात. स्थलांतरित मजुरांपैकी बरेच दाटीवाटीच्या खोल्यांत राहतात.

पिण्याचे पाणी निःक्षारीकरणातून (समुद्राच्या पाण्यातील मीठ काढून) येते. नैसर्गिक बेटाखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा थर असतो. मालेतील तो अतिउपशाने निकामी झाला आहे. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेच्या निःक्षारीकरण प्रकल्पात आग लागली, तेव्हा शहरात पिण्याचे पाणीच उरले नाही. भारताने विमानांनी व नौदलाच्या जहाजांनी ते पोहोचवले. यंत्रावर पूर्णतः विसंबलेल्या शहरासाठी उंचीइतकाच हाही प्रश्न मोठा आहे.

मालेच्या पश्चिमेस विलिमाले, गुळिफाळु व थिलाफुशी यांना जोडणारा ६.७४ किमी. लांबीचा थिलामाले पूल भारतीय अनुदान व कर्जातून बांधला जात असून त्याचे कंत्राट २०२१ मध्ये मुंबईच्या ॲफकॉन्स कंपनीला मिळाले. गुळिफाळुतील भरावाला पर्यावरण कार्यकर्त्यांचा विरोध झाला. डिसेंबर २०२३ मध्ये घोषित झालेल्या रास माले या बेटाची नियोजित उंची ३ मी. सांगितली जाते, म्हणजे हुळुमालेहून एक मीटर अधिक. तुवालूने फुनाफुतीत २०२३ मध्ये पूर्ण केलेला भराव मात्र अवघा ७.८ हेक्टरांचा आहे.