केंद्राचा कायदा नेमका कधी वरचढ ठरतो?

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत आणि टीव्हीवरच्या चर्चांत एक वाक्य हमखास भेटतं: केंद्र आणि राज्य यांच्या कायद्यांत विरोध आला तर केंद्राचा कायदा चालतो. हे वाक्य अर्धंच खरं आहे. तो नियम संविधानाच्या अनुच्छेद २५४ मध्ये आहे, त्याला मोठा अपवादही तिथेच जोडलेला आहे. शिवाय त्या नियमापर्यंत पोहोचण्याआधी न्यायालयाला आणखी काही प्रश्न सोडवावे लागतात. बरेचसे खटले या आधीच्या प्रश्नांवरच निकाली निघतात.

पहिला प्रश्न अधिकाराचा. हा विषय ज्या सभागृहाने कायदा केला त्याच्या वाट्याचा आहे का? सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. मूळ संविधानात संघ सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ नोंदी होत्या. संरक्षण, चलन, रेल्वे, टपाल-तार संघाकडे. पोलीस, शेती, जमीन, सार्वजनिक आरोग्य राज्यांकडे. फौजदारी कायदा, करार, विवाह दोघांकडे. शिक्षण आणि वनं आधी राज्यांकडे होती, ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत गेली. ज्याची नोंदच कुठे नाही ते सगळं अनुच्छेद २४८ प्रमाणे संसदेकडे जातं. अमेरिकेत नेमकं उलट आहे, तिथे उरलेला अधिकार राज्यांचा.

अधिकार नसेल तर कायदा कितीही चांगला असो, कितीही बहुमताने झालेला असो, तो टिकत नाही. संघराज्याच्या संविधानातला सत्तेवरचा सर्वांत कोरडा आणि सर्वांत परिणामकारक लगाम मला हाच वाटतो.

पण विषय सूचीइतके सुटसुटीत नसतात. महाराष्ट्राचा १९९९ चा संघटित गुन्हेगारी कायदा, म्हणजे मोक्का, घ्या. त्याच्या कलम १३ ते १६ मध्ये गुन्हेगारांचे फोन ऐकण्याची तरतूद होती. टेलिफोन संघ सूचीतल्या ३१ व्या नोंदीत येतो, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने ही कलमं रद्द केली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उभी केली. न्यायालयाचं म्हणणं असं, की या कायद्याचा गाभा संघटित गुन्हेगारी रोखणं हा आहे. तो गाभा सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस या राज्याच्या विषयांत आणि समवर्ती सूचीतल्या फौजदारी कायद्यात बसतो. फोनचा विषय ओघात आला, आणि ओघात दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल पडलं म्हणून कायदा बाद होत नाही. मात्र त्याच निकालात जामिनाच्या कलमातले ‘किंवा अन्य कोणत्याही कायद्याखाली’ एवढेच शब्द उडाले, कारण ते अनुच्छेद १४ च्या समानतेत बसत नव्हते. सूचीची परीक्षा पास झालेल्या कायद्याला मूलभूत हक्कांची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

गाभा शोधूनही काम भागलं नाही आणि संघ व राज्य या दोन सूच्यांचा मेळ बसेचना, तर अनुच्छेद २४६ च्या शब्दरचनेने संघाचं पारडं जड होतं. तोपर्यंत दोन्ही नोंदींना जागा राहील असा अर्थ लावायचा, ही न्यायालयांची रीत. २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ठरवलं, की राज्य सूचीतल्या ‘मादक मद्य’ या नोंदीत औद्योगिक अल्कोहोलही येतं. १९९० च्या सात न्यायमूर्तींच्या निकालाने ते राज्यांच्या हातून काढून घेतलं होतं.

आता अनुच्छेद २५४. दोन्ही कायदे समवर्ती सूचीतले असतील, तर त्यांच्यात खरोखर विसंगती आहे का हे पाहायचं. विसंगती तीन प्रकारे ठरते. एक, दोन कायदे थेट एकमेकांविरुद्ध बोलतात. दोन, संसदेने त्या विषयावर सर्वंकष कायदा करून दुसऱ्याला जागाच ठेवलेली नाही. तीन, दोघांनी तेच क्षेत्र व्यापलंय. यातलं काहीच नसेल तर दोन्ही कायदे शेजारी शेजारी नांदतात. विसंगती असेल, तर राज्याचा कायदा तेवढ्यापुरता निष्प्रभ होतो, सगळा नव्हे.

आणि इथे अपवाद येतो. राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं गेलं आणि त्यांची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो, केंद्राचा आधीपासून असला तरी. पण अपवादालाही शेपूट आहे: संसद नंतर त्याच विषयावर नवा कायदा करून राज्याचा हा कायदा बदलू किंवा रद्द करू शकते. म्हणजे केंद्राचा जुना कायदा, राज्याचा संमतीप्राप्त कायदा, केंद्राचा नंतरचा कायदा, असा तारखांचा क्रम लावल्याशिवाय उत्तर निघत नाही.

हा क्रम किती मजेशीर वळण घेतो ते १९५४ च्या एका निकालात दिसतं. जीवनावश्यक वस्तूंच्या १९४६ च्या केंद्रीय कायद्यात कमाल शिक्षा तीन वर्षं होती. साठेबाजी आवरेना म्हणून मुंबई प्रांताने १९४७ मध्ये ती सात वर्षं केली आणि रीतसर गव्हर्नर-जनरलची संमती घेतली. संविधानाआधी लागू असलेल्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम १०७ मध्येही अशीच सोय होती. १९५० मध्ये संसदेने केंद्रीय कायद्यातलं शिक्षेचं कलम नव्याने लिहिलं. अन्नधान्याच्या गुन्ह्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षं, आणि साठा ठरलेल्या कमाल मर्यादेच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर सात. १९५१ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात, बारडोलीच्या बाजूला, एकाने परवान्याविना १५ मण ज्वारी हलवली. प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्यांनी त्याला दोषी ठरवलं. वर गेल्यावर आरोपीचा युक्तिवाद काय, तर मला मुंबईचा कडक कायदा लागू होतो! कारण सात वर्षांच्या शिक्षेचा गुन्हा सत्र न्यायालयात चालतो, मग दंडाधिकाऱ्यांना अधिकारच नव्हता आणि खटलाच रद्द. सर्वोच्च न्यायालयाने तारखा लावल्या. संसदेचं १९५० चं कलम नंतरचं, विषय तोच, म्हणून मुंबईची सात वर्षं संपली. दंडाधिकारी योग्य, शिक्षा कायम. संसदेने ‘मुंबईचा कायदा रद्द’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तेच क्षेत्र व्यापणारा नवा कायदा केला एवढंच पुरेसं ठरलं.

संमती कशी मागितली यालाही महत्त्व आहे, आणि सरकारी खाती इथेच चुकतात. मुंबई भाडे कायद्याच्या मुदतवाढीला राष्ट्रपतींची संमती होती. त्यामुळे सार्वजनिक मालकीच्या इमारतींमधल्या ताबेदारांना काढण्याच्या १९७१ च्या केंद्रीय कायद्यापुढेही आपलं संरक्षण टिकेल, असं भाडेकरूंचं म्हणणं होतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाठवलेला प्रस्तावच पाहिला. त्यात मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि लघुवाद न्यायालयांचा कायदा यांचा उल्लेख होता, १९७१ च्या कायद्याचा नव्हता. ज्या विरोधाकडे राष्ट्रपतींचं लक्षच वेधलं नाही त्यासाठी संमती मिळाली असं म्हणता येत नाही, असा निकाल लागला. राजपत्रात कायद्याच्या डोक्यावर ‘राष्ट्रपतींची संमती मिळाल्यानंतर प्रसिद्ध’ अशी ओळ असते. ती कोणत्या केंद्रीय कायद्याच्या विरोधापुरती आहे हे त्या ओळीत नसतं. ते मंत्रालयाच्या फायलीत शोधावं लागतं.

शिवाय विधेयक राष्ट्रपतींकडे जातं ते राज्यपालांमार्फत, आणि तिथे ते महिनोन्महिने पडून राहू शकतं. यासाठी न्यायालय सरसकट कालमर्यादा घालू शकत नाही, असं मत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलं. विनाकारण लांबलेल्या मौनाबाबत मर्यादित निर्देश देण्याची वाट मात्र मोकळी ठेवली.

या सगळ्याच्या तुलनेत ‘आमच्या विधानसभेने ठराव केला, आता केंद्राचा तो कायदा इथे चालणार नाही’ हा व्हॉट्सॲपवरचा जयघोष म्हणजे ताईत बांधून ताप उतरवण्याचा प्रकार. ठराव हे मत आहे. केंद्रीय कायद्याचं पालन होईल अशा रीतीने राज्याने कारभार करायचा, हे अनुच्छेद २५६ मध्ये स्पष्ट लिहिलंय.

संसदेला राज्य सूचीत शिरायचं असेल तर दारं मोजकी आहेत. राज्यसभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांनी ठराव केला तर अनुच्छेद २४९ प्रमाणे, एका वेळी एक वर्ष. आणीबाणीत २५० प्रमाणे. आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतला निर्णय अमलात आणायला २५३ प्रमाणे (१९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा असाच झाला). चौथं दार २५२ चं: दोन किंवा अधिक राज्यांनी स्वतःहून ठराव करून संसदेला कायदा करायला सांगायचं. यात खोच अशी, की एकदा दिलेली चावी राज्याला परत मिळत नाही. जमीन हा राज्याचा विषय असूनही १९७६ चा नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा या वाटेने आला; मुंबईत ५०० चौरस मीटर, पुण्यात १००० चौरस मीटर मोकळ्या जमिनीची मर्यादा. तो नकोसा झाल्यावर महाराष्ट्र विधानमंडळाला तो स्वतः रद्द करता येईना. संसदेने १९९९ मध्ये निरसनाचा कायदा केला, आणि महाराष्ट्राने तो २९ नोव्हेंबर २००७ च्या ठरावाने स्वीकारला, तेव्हा कुठे सुटका झाली.

सूच्यांमधली एखादी नोंद बदलायची तर अनुच्छेद ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत हवं आणि निदान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांची मान्यता हवी. याउलट राज्याचे तुकडे करायला किंवा सीमा बदलायला अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचं साधं बहुमत पुरतं. संबंधित विधानमंडळाचं मत फक्त विचारायचं असतं. २०१४ च्या जानेवारीत आंध्र प्रदेशच्या विधानसभेने विभाजनाचं विधेयक नाकारलं होतं. त्याच वर्षी २ जूनला तेलंगण अस्तित्वात आलं.