सरोवरांतील घातक गळती व सामूहिक सज्जता

गोड्या पाण्याच्या सरोवरात खनिज तेल किंवा विषारी रसायन सांडले, तर कोणी काय करायचे, हे काठावरची गावे, कारखाने आणि शासकीय यंत्रणा यांनी आधीच मिळून ठरवून ठेवण्याची पद्धत. उत्तर अमेरिकेतील ग्रेट लेक्स हे तिचे ठळक उदाहरण. सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी आणि ओंटारियो या पाच सरोवरांचे पाणी तीन कोटींहून अधिक लोक पितात. मिशिगन सोडले, तर उरलेल्या चारही सरोवरांतून अमेरिका-कॅनडा सीमा जाते.

समुद्राचे पाणी कोणी पीत नाही, सरोवराचे पितात. सगळा फरक इथून सुरू होतो. गळती कळली की होड्या निघण्याआधी जलपुरवठा केंद्राला फोन जायला हवा, म्हणजे जॅकवेलचे (पाणी उचलण्याच्या विहिरीचे) पंप वेळेत बंद करता येतात. दुसरी अडचण पाण्याच्या घनतेची. गोडे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलके असल्याने जड तेल त्यात लवकर बुडते. २५ जुलै २०१० रोजी मिशिगन राज्यातील मार्शलजवळ तेलवाहिनी फुटली आणि पातळ केलेले बिट्युमेन, म्हणजे अतिशय घट्ट व जड खनिज तेल, कॅलामझू नदीत शिरले. त्यातला हलका भाग उडून गेला, उरलेले डांबरासारखे तळाशी बसले. तवंग अडवणारे तरंगते रोधक त्यापुढे काय करणार? गाळ उपसण्याचे काम पुढे काही वर्षे चालले. हे तेल मिशिगन सरोवरापर्यंत पोहोचले नाही, पण नियंत्रण कक्षात धोक्याचे इशारे वाजत असूनही गळती ओळखायला सतरा तास लागले. अखेर खबर दिली ती दुसऱ्याच एका गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्याने.

स्थानिक नियोजनाच्या अमेरिकी कायद्यामागे भोपाळ आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९८४ ची वायुदुर्घटना आणि पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियात त्याच युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यात झालेली गळती, यांनंतर १९८६ मध्ये तेथे स्थानिक आपत्कालीन नियोजन समित्या सक्तीच्या झाल्या. अग्निशमन दल, पोलीस, आरोग्य खाते, कारखानदार, पत्रकार आणि नागरिक एकाच टेबलाशी बसतात. कोणत्या आवारात कोणते रसायन किती साठवले आहे, याची माहिती कारखान्याला द्यावीच लागते. काही समित्या कागदावरच राहिल्या, हेही खरे. भारतात १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनी जिल्हा व स्थानिक पातळीवर अशाच गटांची तरतूद केली.

सीमेपलीकडच्या सहकार्याचा पाया १९७२ च्या ग्रेट लेक्स जलगुणवत्ता कराराने घातला. दोन्ही देशांची तटरक्षक दले संयुक्त आराखड्यानुसार काम करतात आणि एकत्र तालमी घेतात.

एप्रिल २०१८ मध्ये मिशिगन आणि ह्युरॉन सरोवरांना जोडणाऱ्या मॅकिनॅक सामुद्रधुनीत एका जहाजाचा नांगर तळावरून फरफटत गेला. वीजवाहिन्या तुटून त्यांतला शेकडो गॅलन वीजरोधक द्रव पाण्यात गेला. १९५३ साली टाकलेल्या तेलवाहिनीलाही पोचे पडले. ती फुटली नाही, हे नशीबच. या पाण्यात मासेमारीचे करारसिद्ध हक्क असलेल्या आदिवासी राष्ट्रांनी (तेथील मूळ रहिवाशांच्या स्वशासित समुदायांनी) तेव्हापासून त्या वाहिनीविरुद्धचा आवाज आणखी चढवला.

हिवाळ्यात तेल बर्फाखाली दडते. मग जाड थराला करवतीने लांब चर पाडतात. तेल त्या फटीत वर येते आणि तिथून पंपाने ओढून घेतात. हे काम थंडीत प्रत्यक्ष बर्फावर उभे राहूनच शिकावे लागते.