पिल्लांच्या शेडमधला डिझेल हीटर: बटणाने बंद करा, वायर ओढून नाही

थंडी पडली की आमच्याकडे पहाटेपासून फोन सुरू होतात आणि तक्रार बहुतेक एकच असते, "भाऊ, हीटर पेटतच नाही, नुसता पांढरा धूर सोडते." शेडमध्ये कोंबडीची दोन दिवसांची पिल्लं, पारा दहाच्या खाली, आणि आमचा माणूस साकोलीहून अर्जुनीकडच्या गावात पोचेस्तोवर ऊन वर आलेलं असतं. हीटर खोलला की आत काजळीचा थर निघतो. नवाकोरा हीटरसुद्धा एका हंगामात असा होतो, कारण तो रोज वायर ओढून बंद केला जातो.

बटण दाबल्यावर आधी डिझेल पंपाची टिकटिक थांबते. पंखा मात्र आणखी तीन ते पाच मिनिटं फिरत राहतो. पुष्कळांना वाटतं हीटर बंदच झाला नाही, किंवा पंख्यापायी बॅटरी उतरेल, म्हणून ते सरळ बॅटरीचा चिमटा काढतात. त्या क्षणी जळण्याची कोठी तापून लाल असते. हवा बंद झाली की तिची सगळी उष्णता मागे सरकते आणि सेन्सर, पंख्याची मोटर, सर्किट यांच्यावर येते. डिझेल पेटवणाऱ्या ग्लो प्लगभोवतीच्या बारीक जाळीत उरलेलं डिझेल जळून संपत नाही, तिथेच करपून कडक होतं. दुसऱ्या दिवशी प्लग तापतो, पण जाळी बुजलेली असल्याने डिझेल नीट पेट घेत नाही आणि नुसतं वाफ होऊन बाहेर पडतं. तुम्हाला दिसणारा पांढरा धूर तोच. पंख्याच्या त्या पाच मिनिटांना जेवढी वीज लागते, त्याहून जास्त हीटर एकदा पेटवायला लागते. तेव्हा बॅटरीची काळजी असेल तर पंखा पूर्ण थांबू द्या, त्यातच बचत आहे.

काजळीचं आणखी एक कारण म्हणजे रात्रभर सगळ्यात कमी आंचेवर चालवणं. त्यासाठी दिवसातून एकदा, बंद करण्याआधी, पंधरा-वीस मिनिटं फुल चालवा. पडदा थोडा वर करा, म्हणजे पिल्लांना गरम होणार नाही.

आता लाईनचं. काहीजण बॅटरी न घेता बाजारातला अ‍ॅडॉप्टर लावून हीटर थेट घरच्या लाईनवर चालवतात. लाईन गेली की चालता हीटर जागीच मरतो, म्हणजे वायर ओढल्यासारखंच. आपल्या गावांत रात्री लाईन किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून आम्ही बॅटरी आणि चार्जरशिवाय हीटर बसवून देत नाही. सोबत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायरही लावतोच. "वायरचे एवढे पैसे कशाला" असं विचारणाऱ्यांसाठी हा हिशोब: पेटताना प्लग दहा अ‍ॅम्पिअरपर्यंत ओढतो. बॅटरी सहा मीटर दूर असेल तर एक चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये जाऊन-येऊन सुमारे दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात, आमच्या जाड वायरमध्ये फक्त अर्धा व्होल्ट. थोडी उतरलेली बॅटरी आणि बारीक वायर एकत्र आली की हीटर पेटायच्या आतच व्होल्टेज कमी दाखवून थांबतो. त्याला हीटरचा दोष म्हणता येत नाही.

धुराची नळी बाहेरच गेली पाहिजे, बाहेरच्या बाजूला थोडी उतरती, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. सांधे घट्ट हवेत. डिझेलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पिल्लं सुस्त पडून मरायला लागली तरी कारण लक्षात येत नाही, आणि शेडमध्ये झोपणाऱ्या माणसालाही तोच धोका आहे. जळणासाठीची हवाही बाहेरूनच घ्या, नाहीतर खाली अंथरलेल्या धानाच्या तुसाची धूळ आत ओढली जाते. मात्र ते तोंड धुराच्या नळीपासून दूर ठेवा.

आमचा हीटर बुखारीपेक्षा, म्हणजे शेडमध्ये पेटवायच्या शेगडीपेक्षा, बरा का, हेही पुष्कळ विचारतात. एक लिटर डिझेल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. पिल्लांना ऊब देणाऱ्या गॅस ब्रूडरमध्ये किंवा धुराडं नसलेल्या बुखारीत अशी वाफ शेडमध्येच राहते, तूस ओलं होतं आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. आमच्या हीटरमध्ये ती नळीवाटे बाहेर जाते आणि पिल्लांना कोरडी गरम हवा मिळते. पण पाच किलोवॅटचा हीटर पडदे लावून वेगळ्या केलेल्या ब्रूडिंगच्या भागापुरता आहे. पूर्ण मोठ्या शेडसाठी तो घ्यायला आलात तर आम्ही विकणार नाही. फुल चालवला तर तासाला सुमारे अर्धा लिटर डिझेल धरा.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश असू द्या, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जा. थर्मामीटर खांबाला डोक्याइतक्या उंचीवर टांगला तर तो तुमचं तापमान सांगेल. पिल्लं एका जागी ढीग करून बसली तर थंडी आहे, चोच उघडून कडेला पळाली तर गरम होतंय, आणि सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी झोत येतोय. पडदे गच्च आवळून उष्णता वाचवू नका. वरची चार बोटं फट उघडीच ठेवा.

हीटर साफ करायला दिवाळीच्या आधी आणा. आम्ही कोठी खरवडतो, जाळी आणि गॅस्केट बदलतो आणि तुमच्यासमोर पेटवून दाखवतो. हंगामात येणाऱ्यांना थांबावं लागतं, कारण तेव्हा ज्यांच्या शेडमध्ये पिल्लं आलेली आहेत त्यांचं काम आम्ही आधी घेतो. येताना डिस्प्लेचं बटणही सोबत आणा, त्यावर कोणता एरर येतोय ते बघूनच आम्ही खोलायला घेतो.