नळी बारीक, श्वास बाळाचाच

‘सातव्या महिन्यातलं जगतं, आठव्यातलं नाही’ ही समजूत लालबाग-परळच्या चाळींतही ऐकू येते. फुप्फुसांचा हिशेब नेमका उलटा आहे. वायुकोश उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ बाळाच्या शरीरात साधारण 24व्या आठवड्यापासून तयार होऊ लागतो. पुरेसा व्हायला 34-35 आठवडे उजाडतात. म्हणजे पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पथ्यावरच पडतो.

सर्फॅक्टंट नसला की वायुकोश ओल्या प्लास्टिकच्या पिशवीसारखे आतून चिकटतात. दर श्वासाला ते नव्याने उघडायचे. बाळ कण्हतं, छाती आत ओढली जाते, शेवटी ते दमतं. 1959 साली मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे कारण दाखवून दिलं, पण औषध हाती नव्हतं. 1963 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक याच आजाराने दोन दिवसांच्या आत दगावला. पुढे 1980 मध्ये जपानच्या फुजिवारांनी गायीच्या फुप्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट दहा बाळांना दिला आणि चित्र पालटलं.

मग प्रश्न उरला तो औषध पोचवण्याचा. पूर्वी श्वासनलिकेत नळी घालायची, औषध सोडायचं आणि बाळाला व्हेंटिलेटरवर ठेवायचं, अशी रीत होती. पण यंत्राने रेटलेली हवा त्याच कोवळ्या फुप्फुसांना इजा करते. औषध देऊन लगेच नळी काढायची पद्धतही आली, पण तेवढा वेळ तरी बाळाच्या वतीने यंत्राने किंवा हाताने श्वास द्यावाच लागतो.

आता जर्मनीत रुजलेली ‘लिसा’ पद्धत पाहा. बाळ नाकातून मिळणाऱ्या सीपॅपच्या, म्हणजे हवेच्या सततच्या हलक्या दाबावर स्वतः श्वास घेत असतं. डॉक्टर लॅरिंगोस्कोपने, म्हणजे घसा पाहायच्या दिव्याच्या उपकरणाने, स्वरतंतू पाहतात आणि जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाडीची नळी त्यांच्या पलीकडे एक-दोन सेंटीमीटर सरकवतात. नेहमीची नळी याच्या दुप्पट जाड असते. बारीक नळीच्या बाजूने हवा येत-जात राहते. एक किलोच्या बाळाला डुकराच्या फुप्फुसापासून केलेलं औषध 2.5 मिलिलिटर, म्हणजे अर्धा चहाचा चमचा, दोन-तीन मिनिटांत हळूहळू सोडतात. बाळाचा स्वतःचा श्वासच ते आत खोलवर ओढून नेतो. नंतर जठरातून थोडं द्रव ओढून औषध चुकून तिथे तर गेलं नाही ना, हे पाहिलं जातं.

जवळपास अशाच पद्धतीची मोठी चाचणी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली: 25 ते 28 आठवड्यांची 485 बाळं. मृत्यू किंवा दीर्घकालीन फुप्फुसविकार हे एकत्र मोजल्यावर फरक निर्णायक ठरला नाही. मात्र निव्वळ विकाराचं प्रमाण सुमारे 45 टक्क्यांवरून 37वर आलं. म्हणून ‘जादू’ म्हणायची घाई नको. शिवाय कमी त्रास म्हणजे बिनत्रास नव्हे. लॅरिंगोस्कोप जागेपणी तोंडात जातोच, आणि वेदनाशामक किती द्यावं यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. जरा मोठ्या बाळांना घशात बसणाऱ्या मऊ मास्कमधून औषध देतात. फवाऱ्याने देण्याचेही प्रयोग चालू आहेत. तिथे अडचण अशी की बरंच औषध वाटेतच राहतं.

मुंबईतल्या पालकांनी एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, पाण्याच्या बाटलीतून येणारा बुडबुड्यांचा आवाज ऐकला असेल. तो बबल सीपॅप. नळी पाण्यात पाच सेंटीमीटर बुडवली की बाळाला तेवढ्याच उंचीच्या पाण्याचा दाब मिळतो. साधं, स्वस्त, आणि माझ्या मते सर्वांत कमी कौतुक झालेलं यंत्र. ‘लिसा’ याच आधारावर उभी आहे. सर्फॅक्टंटची कुपी मात्र हजारो रुपयांची असते, आणि ती देणारा सराईत हात रात्री तीनलाही हजर लागतो.

या सगळ्याआधीची सुई आईला टोचायची असते. लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवलं की प्रसूतीपूर्वी दिलेलं स्टेरॉइड बाळाची फुप्फुसं लवकर तयार करतं. आपल्याकडे त्यासाठी डेक्सामेथासोन आहे: 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार वेळा. 34 आठवड्यांच्या आत कळा सुरू झालेल्या बाईला पालघरहून मुंबईला पाठवताना पहिला डोस रुग्णवाहिकेत बसण्याआधीच देता येतो. सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार एएनएम ताईंनाही (आरोग्यसेविकांनाही) तो देण्याची मुभा आहे.