हार्डवेअर वॉलेट हरवलं म्हणजे कॉइन गेले?

"पेनड्राइव्हसारखं ते वॉलेट हरवलं किंवा बिघडलं की त्यातले बिटकॉइन कायमचे गेले" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. वॉलेट म्हटल्यावर पैसे आतच असणार असं वाटणं साहजिक आहे, नावच तसं दिलंय ना. पण कॉइन त्या डबीत नसतातच, त्यांची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे जगभरच्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या सामायिक वहीत असते आणि डबीत असते फक्त व्यवहारावर सही करायची प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली. ती की सेटअपच्या वेळी स्क्रीनवर दिसणाऱ्या 12 किंवा 24 शब्दांतून तयार होते, शब्द 2048च्या ठरलेल्या यादीतले असतात, म्हणून डबी फुटली तरी तेच शब्द त्याच क्रमाने नव्या डिव्हाइसमध्ये टाकले की सगळं परत दिसतं.

खात्री करायचीय? डिव्हाइस बंद करून कपाटात ठेवा आणि आपला ॲड्रेस (कॉइन ज्यावर येतात तो पत्ता) ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरच्या नोंदी दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाका, बॅलन्स दिसेल. दुसरं म्हणजे मोठी रक्कम टाकायच्या आधी थोडेसे कॉइन पाठवा, शब्द कागदावर नीट उतरवलेत ना बघा, मग डिव्हाइस रीसेट करून त्याच शब्दांवरून परत चालू करा. तोच ॲड्रेस आला पाहिजे.

कागद मात्र जपा, फोटो काढू नका, कुठल्या वेबसाइटवर टाइप तर अजिबात नको, कारण ज्याच्याकडे ते शब्द त्याचेच कॉइन.