चित्राला कायदा, वहीला रद्दीवाला

चित्रकारांची पत्रे, रोजनिश्या, रेखाटनांच्या वह्या मुद्दाम जपण्याचा विचार आपल्याकडे उशिरा आला. अमेरिकेत त्यासाठी स्वतंत्र संग्रह १९५४ सालीच डेट्रॉइटमध्ये सुरू झाला होता. इथे जे वाचले ते बहुधा नशिबाने. मुंबईत शिळाछापखाना काढणाऱ्या केरळच्या चित्रकार राजा रविवर्मा यांच्या धाकट्या भावाची १८९५ ते १९०४ची रोजनिशी उरली, म्हणून त्यांच्या कामाचा दिनक्रम तरी कळतो. १९४१ मध्ये लाहोरला वारलेल्या चित्रकर्ती अमृता शेरगिलने घरी ठेवलेली पत्रे तर तिच्या हयातीतच घरच्यांनी जाळली.

१९७२च्या पुरावस्तू व कलासंपदा कायद्याच्या आधारे नऊ चित्रकारांच्या कलाकृती देशाबाहेर नेण्यास मनाई झाली. त्यांच्या कागदांना ते कवच मिळाले नाही. हस्तलिखिते आणि दस्तऐवज या कायद्याखाली येतात, पण ७५ वर्षांचे झाल्यावर. म्हणजे १९४७ साली मुंबईत जमलेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या बंडखोर चित्रकारांच्या गटाचे सुरुवातीचे कागद आत्ता कुठे पात्र ठरू लागले. रद्दीवाला एवढा थांबत नाही.

खरा गुंता कॉपीराइटचा. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा, हे बहुतेकांना ठाऊक असते. वहीचे प्रकरण याहून अवघड आहे. एकाच पानावर रेखाटन आणि टिपण असेल, तर रेखाटनाचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. टिपण त्याच्या हयातीत छापलेले नसेल, तर त्याची ६० वर्षे छापल्यानंतर मोजायला लागतात. छापलेच नाही तर मोजणी सुरूच होत नाही. अभ्यासासाठी एक सवलत आहे: लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षे उलटली असतील, तर सार्वजनिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात असलेल्या अप्रकाशित मजकुराची प्रत काढता येते. माळ्यावरच्या ट्रंकेतल्या वहीला ती लागू नाही. असे कलम करणाऱ्यांनी चित्रकाराची वही कधी उघडून पाहिली असेल, असे वाटत नाही.

गेल्या पंधरा वर्षांत मात्र चित्र पालटले. २०११ मध्ये हाँगकाँगच्या एका संग्रहाने दिल्लीतील समीक्षक-चित्रकार दांपत्याचे कागद डिजिटल करून खुले केले. पुढे बडोद्याच्या कलाशिक्षकांच्या कागदांनाही तोच मार्ग मिळाला. स्कॅन जालावर आले की अभ्यासकाची निम्मी पायपीट वाचते. पुस्तकात पान छापायचे झाले, की पुन्हा वारसांचे दार. मुंबईच्या त्या गटातले काही पॅरिसला, लंडनला गेले. वारस असे पांगलेले असले, तर एका पानासाठी दोन-तीन देशांतून सह्या गोळा कराव्या लागतात.